फॉर्म भरून देणारे भाऊ

चंद्रपूरच्या एका शेअर दलालाकडे एक भाऊ लोकांचे फॉर्म भरून देत. फॉर्ममागे त्यांना थोडी दलाली मिळे. बी.कॉम.ला असताना मी बरेचदा नुसता ऐकायला त्यांच्याजवळ बसत असे. कोणी काही विचारलं की ते पेनाला टोपण लावत आणि मगच बोलत.

"भाव पडला तं घरून पैसे भरा लागते का?"

"नाई बाई. लावले तेवढेच जाते."

एकदा मी बाबांना घेऊन गेलो. गडचांदूरजवळचं आमचं शेत सिमेंट कंपनीच्या खाणीत गेलं होतं. त्याच कंपनीचे नवे शेअर निघाले होते आणि शेताचे सगळे पैसे बाबा त्यात घालणार होते.

"हा म्हणते, शेअर घेतला का मालक. मंग याच्या दादाले कामावर घेतीन ना?" बाबांनी विचारलं.

शेअर घेणारा कंपनीचा मालक असतो, हे मीच त्यांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं.

भाऊंनी टोपण लावलं. माझ्याकडे पाहिलं.

"पोरगा बरोबर सांगते, बाबा. पण असे मालक लाखभर हायेत. कोणाकोणाचं पोरगं ठेवीन कंपनी? मालकाले घरी पत्र येते, नोकरी नाई येत."

बाबांनी बाहेर काढलेलं पासबुक परत पिशवीत ठेवलं. भाऊंनी अर्धा भरलेला फॉर्म हळूच फाडला.

आतून दलाल शेठनं विचारलं, "झाला का फॉर्म?"

"नाई शेठ. सही जुळून नाई राह्यली."

बाबांनी अजून सही केलीच नव्हती.