काका इज कमिंग!

सांगतो, सांगतो. पण आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाने आमच्या डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या घरातल्या नव्याकोऱ्या सोफ्यावर चहाचा फवारा मारला होता. डाग अजून गेलेला नाही, आणि बायको अजून मलाच बोलते!

घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत. पण एकच माणूस एकाच शब्दावरून तीन भाषांत तोंडावर आपटू शकतो, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

तर आमचे प्रधान काका. सख्खे नव्हेत. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा कोथरूडला त्यांच्याकडे चार वर्षं राहिलो. नावाला पेइंग गेस्ट, खरं म्हणजे घरातलाच. रविवारी सकाळी काका मला पांघरुणातून ओढून मासळी बाजारात न्यायचे. दुपारी काकू ते रांधून वाढायच्या. आणि पातेल्याच्या तळाला भाताची खरपुडी लागते ना, तिच्यावरून माझी आणि काकांची अक्षरशः मारामारी! शेवटी काकू अर्धी अर्धी करून द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून काका मऊ भात आणि मेतकुटावर आले. फोनवर विचारलं, "काका, काय जेवलात?" तर उत्तर ठरलेलं. "भात." एवढा खवय्या माणूस! मला ऐकवायचं नाही हो.

म्हणून यंदा त्यांना महिनाभर इकडे आयर्लंडला बोलावलं आणि मनाशी ठरवलं, या माणसाला पुन्हा एकदा चवीने, बोटं चाटत जेवताना बघायचं. बस्स. त्यासाठीच ती सहल घेतली. आठ जणांचा छोटा ग्रुप, सोबत गाईड, डब्लिनहून थेट वॅलेन्सिया, पाच दिवस स्पेनची संस्कृती आणि खाणं. शेवटच्या दिवशी संत्र्यांच्या बागेत सगळ्यांनी मिळून पाएया करायचा. पाएया म्हणजे परातीएवढ्या पसरट कढईत केलेला केशरी भात, वर कोळंबी, शिंपल्यांतल्या तिसऱ्या, काय विचारू नका!

काकांना माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "तिसऱ्या दिसतायत रे!" दोन वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजात जीव आला होता. मी मनात म्हटलं, जिंकलं!

आता घोळाची पहिली पायरी. डब्लिन विमानतळ.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी बायको मुग्धा आणि काका. बाकीचे पाच अस्सल आयरिश. त्यातल्या मॉराबाई गॉलवेकडच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी विचारलं, "अँड हू'ज धिस लव्हली मॅन?"

मी म्हटलं, "काका."

बाई टाळ्या पिटायच्याच राहिल्या होत्या. "काका! बट दॅट्स आयरिश! काका इज केक!"

खरंच! आयरिश भाषेत केकला 'काका' म्हणतात. झालं, बाईंनी सगळ्यांना सांगितलं. डोनल नावाचा एक सहा फुटी निवृत्त बसचालक होता, त्याने काकांच्या पाठीत थाप मारली, "हाउ'या, काका!" विमान उतरेपर्यंत पाचही आयरिश लोक उठता बसता काका काका करत होते. माझी छाती फुगली. परमुलखात आपल्या माणसाचं एवढं कौतुक!

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. काकांना ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून काका ते खिशात ठेवतात. त्यामुळे त्यांना हाक मारायची म्हणजे तीनदा मारायची, आणि बेंबीच्या देठापासून मारायची.

वॅलेन्सियाला पिलार नावाची आमची गाईड फलक घेऊन उभी होती. पंचविशीची, हसरी, इंग्रजी उत्तम. तिच्या यादीत 'सेन्योर प्रधान' होतं, त्यामुळे ती काकांना तेच म्हणायची. काका मागे रेंगाळले होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडलो, "काका! काका! काका!" आणि पिलारला म्हटलं, "प्लीज, ही इज ओल्ड. काका फर्स्ट!"

पोरीचा चेहरा एकदम गंभीर झाला. तिने काकांचा दंड धरला आणि त्यांना अदबीने, पण जवळजवळ पळवतच, स्वच्छतागृहात नेलं. बाहेर आल्यावर बसमध्ये दाराजवळची पहिली सीट दिली. वर कागदी रुमालांचं एक मोठं पाकीट!

मी मुग्धाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात संस्कृती. ज्येष्ठांची काय काळजी घेतात!"

मुग्धा म्हणाली, "तू जरा हळू बोलत जा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

पहिलं जेवण. टेबलावर लसणातली कोळंबी, माकुलाच्या तळलेल्या चकत्या, ऑक्टोपस, छोट्या छोट्या बशांची नुसती रांग. आणि काकांच्या पुढ्यात काय? पांढरा उकडलेला भात. शेजारी किसलेलं सफरचंद. आणि कसल्याशा फुलांचा कोमट चहा!

काकांनी भाताकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग गुपचूप जेवले. शेवटी एवढंच म्हणाले, "शिरीष, हे मी कोथरूडलाच खात होतो रे."

मी माझी कोळंबी त्यांच्याकडे सरकवली, तर पिलार धावत आली. "नो, नो, सेन्योर! टुडे नो!" आणि बशी उचलून नेली की हो!

दुसऱ्या दिवशी बाजार. उंच घुमट, रंगीत काचा आणि खाली मासळीचे गाळे. काका तिथे घुटमळणार हे सांगायला ज्योतिषी नको. इकडे बस सुटायची वेळ झाली. मॉराबाई दारात उभ्या राहून, "व्हेअर इज काका? हॅज एनीवन सीन काका?" डोनलने लांबून काकांना येताना पाहिलं आणि बसच्या ड्रायव्हरला खड्या आवाजात ओरडून सांगितलं, "काका इज कमिंग! होल्ड द डोअर! काका इज कमिंग!"

ड्रायव्हरने दार धरलं नाही. लावून घेतलं.

मी काकांना आणायला आत पळालो. ते एका गाळ्यासमोर बांगड्यासारखा काहीतरी मासा निरखत उभे. मी मधल्या टोपल्यांवरून हात लांबवून ओरडलो, "काका! अहो काका! काका!" बोट त्यांच्याकडेच होतं, पण मध्ये गाळ्यावरच्या बाईचा मासा आला. बाई कमरेवर हात ठेवून जी काही सुटली! मला स्पॅनिश येत नाही, पण मासळी बाजारातली भाषा सगळीकडे सारखीच असते. तिने एक मासा उचलून माझ्या नाकाला लावला. वास घे म्हणाली. मी घेतला. ताजा होता. मी म्हटलं, "ग्रँड!" ती आणखीनच भडकली.

त्या दुपारी काकांना पुन्हा भात. तिसऱ्या दिवशी सकाळी भात, दुपारी भात. सगळे बदामाच्या दुधासारखं ते गारेगार ओर्चाता पितायत आणि काकांच्या हातात कोमट चहा. चौथ्या दिवशी माझा बांध फुटला. आपण पडलो पुण्याच्या पाण्यावर वाढलेले, अन्याय सहन होत नाही. मी पिलारला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत असं काही झाडलं! तुम्हाला मराठीत सांगतो.

"हे बघ, काकांना तुम्ही अशी वागणूक का देता? आमच्या संस्कृतीत काकांना फार मान आहे. भारतात घरोघरी काका असतात. मोठे काका, धाकटे काका. मी स्वतः चार वर्षं काकांसोबत राहिलोय. मी आज जो काही आहे तो काकांमुळे. काका मला टेबलावर हवेत, सगळ्यांच्या मधोमध! आणि उद्या," इथे मी बोट नाचवलं, "उद्या काहीही झालं तरी मला पाएयामध्ये काका पाहिजेत! आय वाँट काका इन द पाएया!"

पोरगी दोन पावलं मागे सरली. "यू वाँट... इन द पाएया?"

"येस! आणि पहिला घास सगळ्यांनी काकांसोबत घ्यायचा!"

ती तडक वळली. फोन घेऊन लांब गेली आणि बराच वेळ कुणाशीतरी हळू आवाजात बोलत राहिली. मी मिशीवर ताव देत, म्हणजे असती तर दिला असता, मुग्धाकडे आलो. "झापलं. आता बघ कशी सुतासारखी सरळ होते."

शेवटचा दिवस. संत्र्यांची बाग, लाकडांचा जाळ, त्यावर ही भलीमोठी कढई. सगळ्यांना ॲप्रन मिळाले. काकांना मात्र कढईपासून वीस पावलांवर, झाडाखाली आरामखुर्चीत बसवलं होतं. पायावर शाल. भर मे महिन्यात! मी तरातरा निघालो, तोच फाटकातून बॅग घेतलेले एक गृहस्थ आले. डॉक्टर!

काकांनी डॉक्टर बघून खिशातलं मशीन काढून कानात घातलं. ते नेहमीसारखं शिट्टी वाजवत होतं. डॉक्टरांनी बोटं मोजत मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हाऊ मेनी? टुडे, हाऊ मेनी?"

काकांना वाटलं, आज भात किती वेळा खाल्लात असं विचारतायत. ते म्हणाले, "टुडे, वन. टोटल, नाइन!" आणि नऊ बोटं दाखवली.

डॉक्टरांनी पिलारकडे बघितलं. मग वाकून, अगदी हळुवारपणे काकांना विचारलं, "काका?"

काकांचा चेहरा उजळला. पाच दिवसांत पहिल्यांदाच एका स्पॅनिश माणसाने त्यांना आपलेपणाने हाक मारली होती. ते छातीवर हात मारून म्हणाले, "येस! येस! आय ॲम काका!"

आणि आमचे पाचही आयरिश, हातात झारे नि डाव घेऊन, एका सुरात ओरडले, "काकाऽऽ!"

डॉक्टर सटपटून खुर्चीच्या मागे गेले.

"वेट," पिलार म्हणाली. "व्हॉट इज काका?"

मुग्धा म्हणाली, "काका मीन्स अंकल."

मॉराबाई म्हणाल्या, "अँड केक, डिअर. इन आयरिश."

पिलार मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडते. कसली रडते! डोळे पुसत पुसत तिने सांगितलं. स्पेनमध्ये लहान मूल चड्डीत जे करून ठेवतं आणि मग आईला हाक मारतं ना, ते. आपल्याकडे ज्याला 'शी' म्हणतात, ते. त्याला तिकडे काका म्हणतात!

आता तुम्हीच माझं आदल्या दिवशीचं भाषण पुन्हा मनात म्हणून बघा. घरोघरी शी असते. चार वर्षं मी शीसोबत राहिलो. मी आज जो काही आहे तो... नको, राहू दे. आणि ती मासेवाली बाई! तिच्या ताज्या मालावर बोट ठेवून मी तीनदा काय म्हणालो होतो? तिने तो मासा माझ्या थोबाडात कसा मारला नाही, याचंच मला नवल वाटतं.

बिचाऱ्या पिलारला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाचं पोट पार बिघडलंय आणि ही मंडळी लाजेकाजेस्तव तिच्याच भाषेत सांगतायत. म्हणून तो भात, ते सफरचंद, तो कोमट चहा. तिने तर जीव लावून सेवा केली होती.

पण हसता हसता माझ्या डोक्यात आलं आणि मी हसायचाच थांबलो. ज्या माणसाने मला चार वर्षं मासे खाऊ घातले, त्याला मी समुद्र ओलांडून स्पेनला नेलं आणि पाच दिवस उकडलेला भात घातला! वाईट वाटलं हो, खूपच वाईट वाटलं. जाऊन सरळ काकांच्या पाया पडलो.

काकांनी सगळं ऐकलं, शाल झटकून बाजूला टाकली आणि म्हणाले, "ते पाया नंतर. आधी पाएया!"

मग काका जेवले. कसे म्हणून विचारता? कोळंबीची डोकी चोखून, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा बशीत ढीग लावून, बोटं चाटून! शेवटी पिलारने कढईचा तळ खरवडला आणि करकरीत, तांबूस कवच काकांच्या बशीत ठेवलं. म्हणाली, आमच्याकडे हा मान घरातल्या मोठ्या माणसाचा.

काकांनी ते हातात घेऊन बघितलं. "शिरीष, अरे ही तर खरपुडी!" त्यांचे डोळे भरले. त्यांनी तिचे दोन तुकडे केले आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी ती तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली.

"बट नाऊ," पिलारने विचारलं, "व्हॉट डू आय कॉल हिम?"

आता चूक सुधारायची संधी! मी झटक्यात म्हटलं, "मामा! कॉल हिम मामा. मामा ऑल्सो अंकल."

पिलारचे दोन्ही हात परत तोंडावर. "मामा? मामा इज मदर!"

सगळी बाग हसली. डोनल तर गवतावर आडवा झाला. काकांच्या कानातलं मशीन आता नेमकं ठणठणीत चालू होतं. उरलेल्या खरपुडीचा कण बोटाने टिपत, मान वर न करता ते म्हणाले,

"राहू दे रे, शिरीष. पाच दिवस काका मी झालो. मामा तुझाच झालाय."