चांगलं तेवढं वाच

माझ्या वडिलांनी थोरल्या मुलीसाठी आधी रस्ता पाहिला, मग नवरा. स्थळं बरी येत होती. पण गाव नदीपलीकडं निघालं की नाना पत्रिका परत करायचे. "पावसाळ्यात चार महिने पोरगी तोडून टाकायची का?" म्हणायचे. शेवटी चारठाण्याचं स्थळ आलं आणि त्यांनी कुंडलीसुद्धा न बघता होकार दिला. कारण आमच्या परभणीहून तिकडं जाणारा रस्ता निजामाच्या चाकरीत असताना त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतला होता. वाटेतल्या कुठल्या पुलाला किती चुना लागला, हेही ते सांगत. आई चिडवायची, "ह्यांनी जावई न्हाई, पूल पसंत केलाय."

इंजिनिअरची नोकरी संपली, वजिफा, म्हणजे पेन्शन, सुरू झाला, तसे नाना महिन्याआड अक्काकडं जाऊन यायचे. एरवी तिच्या चिठ्ठ्या येत, बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. गंमत अशी, की एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या वाचता येत नसत. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. मराठी नुसती बोलायची. आम्हा दोघी बहिणींना मात्र त्यांनी पंतोजी लावून बालबोध शिकवलं होतं. आईला अक्षरओळख नव्हती. म्हणजे घरात वाचणारी मी एकटी, अकरा-बारा वर्षांची, आणि त्याचा मला ताठा केवढा!

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वाईट वर्ष आलं. माणसं गावं सोडून जायला लागली. रस्त्यात कोण कुणाला अडवील याचा नेम राहिला नाही. आईनं शपथ घालून नानांना घरी बसवलं, आणि मला चुलीपाशी घेऊन बजावलं, "चिठ्ठीतलं चांगलं तेवढं वाच. तिकडचं काही वाईट कळलं तर हे उठून चालायला लागतील. लय हट्टी माणूस हाय."

ते काम मी छान शिकले. अक्काच्या सासरची धुसफूस गाळायची, म्हशीचं रेडकू वाचायचं. एका ओळीवरून दुसरीवर अशी उडी मारायची की सूर तुटू नये. मला स्वतःचं कौतुकच वाटायचं.

श्रावणात एक चिठ्ठी आली. मूग बरे आहेत, तूर उगवली, आणि मधेच: 'नाना, ताप सुटत न्हाई. मला न्यायला या. तुमी आलात तरच हे लोक पाठवतील.' मी थबकले. आई दारात उभी होती. मी मूग वाचले, तूर वाचली, नमस्कार वाचला.

"एवढंच?" नानांनी विचारलं.

"एवढंच."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली. वाचता येत नव्हतं, पण नजर इंजिनिअरची. "ओळी उतरल्यात बघ. तिची ओळ कधी वाकडी जात न्हाई."

"घाईत लिहिलं असंल," आई म्हणाली.

तीन आठवड्यांनी अक्का गेल्याचा निरोप आला. निरोप्या दिवसाढवळ्या, त्याच रस्त्यानं चालत आला होता.

पुढं राज्य बदललं. कचेऱ्यांवर आता मराठी पाट्या लागणार, असं लोक बोलायला लागले. एक दिवस नाना मला म्हणाले, "मला अक्षरं शिकव." माणूस दुःखातून बाहेर यायला लागला म्हणून मला बरंच वाटलं. मी पाटीवर गिरवून घ्यायचे, नाना चुकले तर मी रागवायचेही. हे शिकणं कशासाठी, ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आमच्या घरात मराठी वाचायला होतं तरी काय? अक्काच्या चिठ्ठ्या.

एके सकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि ती श्रावणातली चिठ्ठी उघडली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले. "म...ला... न्या...य...ला... या." मी मनात म्हणत होते, देवा, एखादा काना तरी चुकू दे. एकही चुकला नाही. शिकवलं मीच होतं.

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मला मारलं नाही, आईला हाक मारली नाही. "रस्ता चालू होता गं," म्हणाले. आईनंच सांगितलं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण 'एवढंच' हा शब्द आईचा नव्हता. तो माझा होता, आणि आजही माझाच आहे.

माझं लग्न त्यांनी परभणीतच करून दिलं, दोन गल्ल्या सोडून. लोक म्हणाले, बापाची माया बघा. माया तर होतीच. रोज संध्याकाळी नाना यायचे, ओट्यावर टेकायचे आणि विचारायचे, "बरी हायस का?"

"बरी हाय, नाना," मी म्हणायचे.

मग ते उठून आत यायचे आणि माझ्या कपाळाला हात लावून बघायचे.