ग्वोझ्देनकाकांची पेटी

घरात मरण झालं की आमच्या झ्रेन्यानिन शहरात वर्षभर गाणं लावत नाहीत. शेजारच्या ल्युबिंका मावशींनीही, नवरा ग्वोझ्देनकाका गेल्यावर, लावलं नाही. शाळेच्या खानावळीत जन्म गेलेली ही बाई पातेली घासतानाही गुणगुणायची. त्या वर्षी नुसती पातेलीच वाजली.

वर्ष सरलं. थडग्यापाशी रिवाजाप्रमाणे शिजवलेले गोड गहू वाटून झाले. मावशींनी डोक्यावरचा सुतकाचा काळा रुमाल सोडला आणि कुंपणावरून मला हाक मारली. "ये रे पंडिता. पेटी लावून दे."

पेटी ग्वोझ्देनकाकांची. इंटरनेटवरून गाणी वाजवणारी. गाणं आवडलं तर रिमोटवरचं हृदयाचं बटण दाबायचं, नावडलं तर फुलीचं. त्यावरून ती माणसाची आवड शिकते. काका दुपारभर तिला शिकवत बसायचे आणि मावशी आतून ओरडायच्या, "पुरे झाला तो अकॉर्डियन!"

"त्याला काय आवडायचं, ते हिलाच ठाऊक," मावशी म्हणाल्या. "वर्षभर बंद होती. विसरली नसेल ना?"

मी रिमोट दाबला. काही नाही. बॅटऱ्या बदलल्या, वाय-फाय तपासलं. पेटी ढिम्म. मावशी खुर्चीत बसल्या.

"विद्यापीठात काय शिकवलं रे तुला?"

"कविता."

"मग म्हण एखादी. बघू उठते का."

मी हसलो नाही. वाकून पेटीची वायर तपासली.

मग माझं लक्ष पेटीवरच्या विणलेल्या रुमालाकडे गेलं. खळ घातलेला, पेटीच्या तोंडावर पार खालपर्यंत आलेला. "हा कशाला, मावशी?"

"हा गेला म्हणून घरातले आरसे झाकले, तेव्हा हिलाही झाकली."

"अहो, मग हिला रिमोट दिसणार कसा?"

रुमाल उचलला. बटण दाबलं. पेटीच्या छोट्या पडद्यावर काकांचं नाव उजळलं.

लग्नातलं जुनं गाणं लागलं, बायकांच्या आवाजातलं. मावशी चपापल्या. "हे तर माझं आवडतं." दुसरं लागलं. तेही त्यांचंच. तिसरंही.

"त्याची कुठायत? बिघडलीय ही!"

 मावशींनी कान देऊन ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "मी आत गाण्याबरोबर गुणगुणायला लागले की हा रिमोट उचलायचा. मला वाटायचं, गाणं बदलतोय."



"गाढवा," त्या काकांच्या फोटोला म्हणाल्या, "सांगायचंस तरी."

तेवढ्यात अकॉर्डियन सुरू झाला. "पुरे झाला तो..." त्या सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडून रिमोट घेतला. "हृदयाचं कुठलं रे?"

मी दाखवलं. त्यांनी कणीक दाबावी तसं दाबलं.

मग चेरीचा मुरांबा आणि पाण्याचा पेला आणला. आमच्याकडे पहिला चमचा पाहुण्याचा. मी हात पुढे केला.

"थांब," मावशी म्हणाल्या, आणि तो चमचा त्यांनी फोटोसमोर ठेवला.