मेकॅनिकचा बॅकहँड

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा माणसांपेक्षा यंत्रांवर जास्त विश्वास बसतो, त्याला तो तरी काय करणार? यंत्र बिघडलं की आवाज करतं. माणसं बिघडली की गप्प बसतात. आमच्या मेकॅनिकला आवाज बरोबर कळायचा. गप्प बसणं मात्र कळायचं नाही.

क्लबच्या टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीत तो आणि त्याची बायको दर वर्षी हौसेनं उतरायचे आणि दर वर्षी साडू-मेहुणीकडून मार खाऊन परतायचे. साडूचं औषधांचं दुकान. जिंकल्यावर हात मिळवताना तो म्हणायचा, "दादा, तुमचा बॅकहँड म्हणजे तारीख उलटलेलं औषध. बाटली झकास, उपयोग काही नाही."

गेल्या वर्षी हरल्यावर मेकॅनिक भर हॉलमध्ये बायकोवरच घसरला. तिनं बॅट कव्हरमध्ये घातली. घरी बुटांच्या नाड्या सोडताना म्हणाली, "अजून एक वर्ष खेळते तुमच्याबरोबर. पुन्हा असं झालं, तर धाकट्या बहिणीबरोबर महिला दुहेरीत उतरेन. मग तुम्ही नि तुमचा बॅकहँड, करा सुखानं संसार."

मेकॅनिकनं हे फारच मनावर घेतलं. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. 'हलू नका, श्वास रोखा' एवढंच बोलून दिवस काढणारी बाई उगाच तोंड उघडत नाही. 'असं' म्हणजे हरणं, हा अर्थ त्यानं आपल्या मनानंच लावला, आणि तो थेट बॅकहँडच्या मागे लागला.

कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून त्यानं चेंडू फेकणारा रोबो आणला, पट्टा बदलला आणि वर्कशॉपमधल्या टेबलाच्या टोकाला बसवला. रोबोला तोंड होतं, पोटात चेंडू होते आणि सोबत बटणांची एक डबी होती. दोन चेंडू बॅकहँडला, एक मध्ये, एक फोरहँडला. वेग एवढा, फिरकी एवढी, असा सगळा कार्यक्रम डबीत भरला की गडी सुरू. पण गडी लहरी. चिरलेला चेंडू घशात अडकला की खोकायचा, आणि मग तीन चेंडू एकदम तोंडावर थुंकायचा. उडालेले चेंडू दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये जाऊन बसत. एका गिऱ्हाइकाचा तर फोन आला, "अहो, तुमच्याकडून आल्यापासून मशीन अंडी घालतंय!"

बायको रोज ड्यूटी संपवून पर्समध्ये बॅट घेऊन यायची.

"मी कुठं उभी राहू?"

"आत्ता नको, लय मोडेल. तेवढे चेंडू गोळा कर ना."

"आपण जोडीनं खेळणार आहोत ना?"

"अगं, आधी बॅकहँड तर बसू दे!"

ती मशीनखाली हात घालून चेंडू काढायची. पुढं पुढं बॅट घरीच राहायला लागली. मेकॅनिकला बॅकहँडपुढं तेही दिसलं नाही.

सामन्याचा दिवस उजाडला. साडूनं पहिलाच चेंडू बॅकहँडला टाकला आणि मेकॅनिकनं तो असा सणसणीत परतवला की हॉल 'वा' म्हणाला. पण मेहुणीनं तो कसाबसा अडवला, चेंडू परत आला, आणि मेकॅनिकनं तोही हाणला. पंचांनी हात वर केला.

दुहेरीत जोडीतल्या दोघांनी आळीपाळीनं मारायचं असतं. एक त्याचा, पुढचा तिचा. मेकॅनिकला हे काय माहीत नव्हतं? वर्षानुवर्षं तसंच खेळत आला होता. पण रोबोपुढं आलेला प्रत्येक चेंडू त्याचाच होता, आणि ते आता हातापायांत मुरलं होतं. 'सोड, सोड' असं स्वतःला बजावेपर्यंत हात जाऊन आलेला असायचा. एकदा तर कोपर बायकोच्या बरगडीत बसलं. एकेक बॅकहँड देखणा, आणि एकेक गुण साडूच्या खात्यात.

"दादा, औषध जालीम निघालं," साडू म्हणाला, "पण वहिनींचा डोसही तुम्हीच घेताय!"

मेकॅनिकनं ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कोणावर? बायकोनं बॅट कव्हरमध्ये घातली. "बॅकहँड छान झालाय," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती धाकटीबरोबर सरावाला जायला लागली.

मेकॅनिकनं चिडून रोबो खोलला. चाकं ठीक, पट्टा ठीक, मोटर ठीक. डबीतली सगळी बटणं दाबून झाली. वेग होता, फिरकी होती, दिशा होती. 'इथं दोघं आहेत' हे सांगायचं बटण काही सापडेना. मग त्यानं रोबो पुन्हा सुरू केला. एक चेंडू मारायचा, बाजूला व्हायचं, दुसरा सोडून द्यायचा. बॅकहँड बसवणं सोपं होतं म्हणायचं! हात ऐकेचना. तो स्वतःच्याच हाताला शिव्या घालत होता.

एका संध्याकाळी क्लबकडे निघालेली बायको वर्कशॉपच्या दारात थांबली. आतून आवाज येत होता. टक्, आणि मागच्या पत्र्यावर धडाम्. टक्, धडाम्.

"बिघडलाय का?"

"नाही."

"मग एक सोडून एक पत्र्यावर का जातोय?"

"तो तुझा आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिनं पत्र्याखाली साचलेल्या चेंडूंकडे पाहिलं. मग पर्समधून बॅट काढून शेजारी आली. पहिला त्यानं मारला. दुसरा तिनं जाळ्यात घातला. मनगटाबद्दलचं एक लांबलचक वाक्य मेकॅनिकच्या जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. तिसरा त्याचा. चौथ्याला त्याचा हात परत उठला.

"हलू नका!" ती इस्पितळातल्या आवाजात म्हणाली.

हात हवेतच थांबला. तिनं चेंडू परतवला. मेकॅनिक श्वाससुद्धा न घेता उभा होता, तेवढ्यात पाचवा चेंडू त्याच्या कानाजवळून गेला आणि पत्र्यावर धडाम् आदळला.

"अहो," ती म्हणाली, "हा तुमचा होता."