गुडघ्यातला डोळा

बैलाच्या गुडघ्यात डोळा कशाला? दादाला मी कितीदा विचारलं. तो नुसता हसायचा. गेल्या महिन्यात काविळीनं गेला, आता विचारू कुणाला? तिसगावच्या आमच्या सोनारकीच्या दुकानात पाटाखाली चांदीचा चुरा साठतो, तशा त्याच्या गोष्टी साठल्यात. घरातलं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक, माणसाची आकृती उठवलेला छोटा पत्रा, देवघरात बसवतात. आई म्हणते, नगरहून करून आणू, तुझा हात घाईचा. मला तो मीच करायचाय. हातोडी घेऊन बसलो की एकेक आठवतं.

*

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या दवाखान्यातली कॅनडाची नर्सबाई चांदीचं कडं सांधायला घेऊन आली. तिकडे बेटांवर हायदा लोक राहतात. लाकडी खांबांवरची आपली जुनी चित्रं त्यांचे कारागीर आता कड्यांवर कोरतात, असं ती सांगत होती. कड्यावर कावळा होता. मधोमध उलगडून दोन्ही कुशी दाखवलेला, सांध्यासांध्यात डोळा.

आई म्हणाली, "कावळा हातात घालून ही जेवती कशी?"

*

मी म्हणालो, आपणही कावळेच कोरू, खपतील.

"कावळा त्यांचा हाय," दादा म्हणाला. "आपला बैल हाय की."

*

दादानं कोरलेलं बैलाचं पहिलं कडं श्रीगोंद्याच्या एका पाटलांनी सुनेसाठी पाहिलं. एका मुंडक्याला दोन बैल कसे, म्हणून अडून बसले.

"बाजारात बैल दोन्ही कुशींनी बघून घेता न्हवं? मग कड्यात एकच कूस कशी द्यू?" दादा म्हणाला.

पाटलांनी कडं घेतलं. जाताना म्हणाले, "दातबी कोरायचं हुतंस."

*

शेजारच्या सखूमावशी कडं परत घेऊन आल्या. सुनेला बोलायला लागलं की बैल गुडघ्यातनं बघतो, तेवढा एक डोळा बुजव म्हणाल्या. दादानं बुजवला नाही. दुसऱ्या दिवशी सून येऊन पेढे देऊन गेली.

*

मला कोरायला दिलं, तर घाईत छिन्नी डोळ्यातून आरपार! दादानं कडं उजेडाला धरलं.

"ह्या बैलाला पलीकडचंबी दिसंल."

*

शेवटी टाक केला. दुकानातल्या ठशावर पत्रा ठोकला, माणूस उठला. ठशातून सगळ्यांचा माणूस सारखाच येतो.

आईनं तो हातात धरून बराच वेळ पाहिला. "ह्यो आपला वाटत न्हाई रं."

मी टाक परत घेतला. दादाची बारीक छिन्नी काढली आणि दोन्ही तळहातांत एकेक डोळा कोरला, सावकाश.