मागं ठेवलेलं पान

ये, अशी जवळ सरक. लिहून राहिले खरी, पण तू समोर बसलीस असं धरूनच लिहिते. फोनवर फोटो धाडला की आजीची भेट झाली, असं वाटतं काय गं तुला? एवढी शिकलीस, पण वसमतच्या गाडीत बसायचं तेवढं शिकली न्हाईस.

असो. फोटो पाहिला. देशाच्या त्या मोठ्या लायब्ररीत ठेवलेली पोथी आपलीच, माझ्या सासऱ्यांची, गुरांच्या औषधांची. कोपरा दिव्यानं जळालेला आहे, त्यावरूनच ओळखली. खाली त्या शहाण्यांनी लिहिलेलं तूच फोनवर वाचून दाखवलंस. पोथी अपूर्ण, शेवटचं पान गहाळ, निष्काळजी हाताळणीमुळं हळदीचे डाग. वर कुण्या प्राध्यापकानं लेख लिहिला म्हणे, की लिहिणारा दरबारी वैद्य होता आणि पोथी पुरी व्हायच्या आधीच वारला.

वारला म्हणे. ते पान माझ्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या लुगड्याच्या घडीत.

आमच्या घराची रीत ऐक. कुणाचा बैल फुगला, कुणाच्या व्यालेल्या गायीची वार पडंना, की माणूस पोथी मागायला यायचा. लमाणांच्या तांड्यावरून यायचे, जवळा बाजारकडून यायचे. न्हाई कुणालाच म्हटलं न्हाई. फक्त देण्याआधी सासरे पोथीचा रुमाल सोडून शेवटचं पान काढून घ्यायचे आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायचे. पान मागं राहिलं की पोथी घरी वळते, असं ते म्हणायचे. आणि वळायचीच. कधी महिन्यानं, गोठ्याचा वास घेऊन, पिवळी बोटं उमटवून. माणूस एका हातानं हळदीचा लेप कालवायचा, दुसऱ्यानं पान उलटायचा. तीच ही निष्काळजी हाताळणी. या लोकांनी कधी बैलाच्या तोंडात औषधाची नळी धरली असती, तर त्यांच्या वह्याबी जरा पिवळ्या झाल्या असत्या.

मग एक दिवस जीप आली. दोघं उतरले, हातात पांढरे मोजे. बाजंवर धूळ म्हणून बसले न्हाईत, पाण्याचा तांब्या नुसता तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला. पोथी मोठ्या लायब्ररीत न्यायची म्हणाले. आता सासऱ्यांनी उभ्या जन्मात एकच लायब्ररी पाहिलेली, कुरुंद्याची, एका कपाटाची. तिथं पुस्तक नेलं की पंधरा दिवसांत परत द्यावं लागायचं. त्यांना वाटलं, हेबी तसंच. रिवाजाप्रमाणं पान काढून घेतलं आणि विचारलं, "कधी आणून देता?"

त्यातला मोठा हसला. "बाबा, आता ती देशाची झाली."

सासऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं न्हाई. तांडा नेतो तशी देशानं नेली. पुढं कुणी पोथी मागायला आलं की सांगायचे, देशाकडं गेलीय, मोठं घर आहे, वाचायला वेळ लागून राहिला. रस्त्याला जीप वाजली की पटका बांधून ओट्यावर येऊन बसायचे. जीप निघून जायची पुढं आखाडा बाळापूरला. शेवटच्या आजारात मला म्हणाले, "सूनबाई, पोथी आली की पान जागच्या जागी घालजो."

त्या पोथीनंच मला वाचायला शिकवलं. शाळेचं दार मी पाहिलं न्हाई. ते लोकांना वाचून दाखवायचे, मी दारामागून बघायची. त्यात शब्दांमधी जागा न सोडता ओळ सलग जाते, शब्द कुठं तुटतो ते कानानंच ओळखावं लागतं. मागं राहिलेलं पान तर मला तोंडपाठ आहे. लिहिणारा त्यात सांगतो, यातलं माझं काही न्हाई, मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांमागं चालणाऱ्या तांड्यावरच्या म्हातारीनं हे सांगितलं, मी नुसता बोरू चालवला, मागंल त्याला द्या. आणि हा प्राध्यापक त्या अनवाणी बाईच्या डोक्यावर पगडी घालून तिला दरबारात बसवून मोकळा झाला.

मी येडीनंबी एकदा त्या लायब्ररीवाल्यांना पत्र लिहिलं, पोथी बघायला येऊ का म्हणून. उत्तर आलं, संशोधनाचा विषय कळवा, संस्थेचं पत्र जोडा. आमच्या दारी लोक यायचे ते हातात नुसता कासरा घेऊन. कोणत्या संस्थेचा बैल, असं सासऱ्यांनी कधी विचारलं न्हाई.

आता तू म्हणतेस, "आजी, पान धाडून दे, चूक तरी सुधारतील." मी रागानं फोन ठेवला. मग चार दिवस त्याचाच विचार केला. मी गेल्यावर लुगड्यासंगं ते पानबी कुणी बाहेर टाकलं, तर ती म्हातारी कायमची पुसली जाईल आणि दरबारी वैद्य तेवढा उरंल. ते मला सोसायचं न्हाई. पण पान देऊन टाकलं, तर सासऱ्यांची पोथी कशाच्या ओढीनं घरी यावी?

तर असं ठरवलं. त्यांनी आपल्याला फोटो दाखवला, आपण त्यांना फोटो धाडू. मोजे घालून बघत बसा म्हणावं. पान घरातच राहील, माझ्यामागं तुझ्याजवळ. पण आधी ते तू माझ्यासमोर बसून वाचायचं. अडलीस की शब्द कुठं तुटतो ते मी सांगीन.

डोळ्याला आता सांजेचं दिसत न्हाई, म्हणून सकाळच्या गाडीनं ये. यंदाची हळद शिजवायला कढई चढायच्या आत ये. वसमतला तुझा चुलता घ्यायला येईल.