जीप मालेगाववरून गेली

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ज्या देवापुढं रोज उदबत्ती लावते त्यालाही नाही — त्याला ठाऊक असेलच म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. बघते.

आधी मी कोण ते सांगते. मी आशा आहे — नाव नव्हे, काम. आसेगावच्या पलीकडं आमचं लहानसं गाव. गावात कुणाला दिवस गेले की नोंद करायची, दवाखान्यात न्यायचं, बाळंत होऊन आली की ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, नाळ बघायची आणि फॉर्म भरायचा. बारा वर्षं झाली. गावात मान आहे मला. कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी येतं, मग चहा येतो, आणि मग सासू येऊन बसते — सुनेच्या आधी उत्तर द्यायला.

पाच वर्षांपूर्वी तालुक्याच्या बैठकीत आम्हाला एक नवा कागद दिला. बाळंतिणीच्या मनाचा. दहा प्रश्न. हसू येतं का, झोप लागते का, उगाच भीती वाटते का, असे. आणि शेवटचा — स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का? मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही आणि गाळायचा तर मुळीच नाही. आम्ही बायका एकमेकींकडं बघून हसलो. बाळंतिणीच्या खोलीत सासू नाही, असं एक घर दाखवा म्हणावं!

पण मी तोड काढली. बाळाला हात लावायच्या आधी आम्हाला साबणानं हात धुवावे लागतात. मी म्हणायचे, मला आज कोमट पाणीच पाहिजे, चुलीवरचं. सासू चुलीकडं गेली की मला तेवढी पाच मिनिटं मिळायची. तेवढ्यात विचारायचं. खाली मान घालून बाया उत्तरं द्यायच्या — काहीजणी तर प्रश्न संपायच्या आत. दोघींना मी असंच वाशिमला मनाच्या डॉक्टरकडं धाडलं. आमच्यापासून जवळचा म्हणजे तोच. जायला-यायला दिवस मोडतो. घरच्यांना सांगितलं, रक्त कमी आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागतं. खोटं बोलायला मी घाबरत नाही. आठवड्यात दहादा खोटं बोलते, बाईला दवाखान्यात न्यायचं म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्याच वर्षी माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अश्विनी. नवऱ्याची सगळ्यात धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ. सासर तिकडं केनवडच्या बाजूला, शेतीवाडीचं चांगलं घर. ती हसली की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, अशी पोरगी. फाल्गुन लागला आणि तिला मुलगी झाली.

आठव्या दिवसापासून ती गप्प झाली. बाज, शेगडी, धुरी, सगळं सासूबाईंच्या हातचं नीट चाललं होतं. ती मात्र भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोरगी रडली की हिचे हात गार पडायचे. पाजायला घेतलं की डोळे मिटून घ्यायची. एकदा मी लाडू ठेवायला गेले तर हळूच म्हणाली, "वहिनी, मले या पोरीची भीती वाटते."

"एवढीशी तं हाये. तिची कायची भीती?" मी म्हटलं. आणि लाडवाचा डबा ठेवून बाहेर आले.

दुसऱ्या कुणाच्या घरात हे वाक्य ऐकलं असतं तर मी तिथंच बसले असते. बसले असते ना? मग आपल्या घरात काय झालं होतं मला?

एकविसाव्या दिवशी फॉर्म भरायचा होता. मी कागद घेऊन बाजेशेजारी बसले. सासूबाई समोर, मांडीवर नात. मी कोमट पाणी मागितलं नाही. नळाच्या पाण्यानं हात धुऊन आले होते. बाळाचं वजन केलं, लिहिलं. मग तो दहा प्रश्नांचा कागद काढला आणि एकही प्रश्न न विचारता वरपासून खालपर्यंत माझ्या मनानं खुणा करत गेले. शेवटच्या प्रश्नापुढं लिहिलं — नाही.

अश्विनी माझ्या पेनाकडं बघत होती. म्हणाली, "वहिनी, त्याच्यात काय काय विचारलं हाये? मले वाचून दाखवा नं."

सासूबाई म्हणाल्या, "तुले कायले वाचून दाखवतीन? तुले काय झालं?"

आणि मी? मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "हे बाहेरच्या बायकायसाठी असते."

दिव्याखाली अंधार म्हणतात ना. पण दिव्याला निदान माहीत नसतं, आपल्या बुडाशी काय आहे ते. मला माहीत होतं.

दोन-तीन दिवसांनी मी न्हाणीत बाळाची दुपटी धूत होते. ती दाराला टेकून उभी राहिली. "वहिनी, तुमचा तो मनाचा डॉक्टर कुठी बसते?"

"वाशिमले."

"लय दूर हाये का?"

"तुले काहून पाह्यजे?"

"असंच," म्हणाली आणि आत गेली.

आता तुम्ही विचाराल, का केलं? कारणं माझ्याकडं होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे त्या सव्वा महिन्यात काही बिघडलं तर ते माहेरच्यांच्या माथी. धडधाकट सून पाठवली होती, तुम्ही वेडी करून धाडली — असं बोलायला सासरच्यांना कितीसा वेळ लागतो? सासूबाईंनी तर सरळ सांगितलंच होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरी गेली का लागते कामाले, होते बरी." शिवाय हरभऱ्याची सोंगणी-काढणी चालू होती. माझा मुलगा सात वर्षांचा, त्याची शाळा, गावातल्या भेटी, घरात बाळंतीण. मी थकले होते. सगळं खरं आहे. कुणालाही पटेल.

पण कारण ते नव्हतं. मी इथवर आलेच आहे तर ते पण सांगते.

माझा मुलगा झाला तेव्हा माझंही असंच झालं होतं. बाळंतपण इथंच झालं, सासरी. माझी आई तेव्हा आजारी होती. मी गोठ्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडायचे. मुलाला उचललं की वाटायचं, हातातून पडेल — आणि कधी वाटायचं, पडू दे. सासूबाई म्हणायच्या, नखरे. तेव्हा अश्विनी शाळेत होती. शेजारच्या खोलीत मैत्रिणींबरोबर खिदळायची. तिचा काय दोष? काही नाही. पण ते हसणं माझ्या कानात राहून गेलं. मला कुणी विचारलं नाही. मी एकटीनं काढलं ते वर्ष, कसंबसं.

आणि म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडली, तेव्हा माझ्या आत कुणीतरी म्हणालं — आता कळलं? मला बरं वाटलं. थोडं का होईना, बरं वाटलं. आठ दिवस मी त्या बरं वाटण्यावर काम करत होते, लाडू वळत होते, शेक देत होते. फार प्रेमानं करते हो वहिनी, असं शेजारच्या बाया म्हणत होत्या.

हे सांगणं अवघड होतं. पण सगळ्यात वाईट अजून पुढंच आहे.

सव्वा महिना झाला. जावई जीप घेऊन न्यायला आले. बाळंतिणीला पोचवायला माहेरचं कुणीतरी बाईमाणूस सोबत जातं. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून मी निघाले. पुढं ड्रायव्हर आणि जावई, मागं आम्ही दोघी, अश्विनीच्या मांडीवर पोरगी. तिची ओटी भरलेली, कपाळावर मोठं कुंकू, आणि डोळे — डोळ्यांचं मी काही सांगत नाही.

फाट्यावर केनवडला जायचे दोन रस्ते फुटतात — एक वाशिमवरून, एक आमच्या इकडच्या मालेगाववरून. तिथं ड्रायव्हरनं जीप हळू केली. "वाशिमवरून घेऊ का मालेगाववरून?"

अश्विनी चार दिवस कुणाशी बोलली नव्हती. ती एकदम म्हणाली, "वाशिमवरून चाला नं."

जावयांनी मागं वळून बघितलं. माणूस वाईट नव्हता, साधेपणानंच विचारलं, "वाशिमले काय काम हाये?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. पोरीला धरलेल्या हातानं माझ्या लुगड्याची कड पकडली होती, ते मला मग दिसलं.

मला फक्त एक खोटं बोलायचं होतं. रक्त कमी आहे. बाळाची सुई राहिली आहे. काहीही. मी आठवड्याला दहादा बोलते, सांगितलं ना तुम्हाला? जावई एका शब्दानं नाही म्हणाले नसते.

मी म्हटलं, "काही काम नाही. मालेगाववरून घ्या दादा, ऊन व्हायच्या आत पोचू."

जीप वळली. तिनं माझी कड सोडली. पोरीच्या तोंडावर पदर ओढला आणि बाहेर बघत बसली. तिच्या सासरी मला चहा मिळाला, पोहे मिळाले, साडी मिळाली. साडी मी घेतली.

बाराव्या दिवशी फोन आला. अश्विनीनं वावरातल्या विहिरीत उडी टाकली होती. पोरीला दुपट्यात गुंडाळून आधी निंबाच्या सावलीत ठेवलं होतं. चैत्र महिना, विहिरीला पाणी गुडघाभर, खाली खडक. शेजारच्या वावरातल्या बाईनं लेकरू एकटंच रडतंय म्हणून येऊन बघितलं, म्हणून कळलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. जीव राहिला.

तिला वाशिमलाच नेलं. मी धावत गेले. हाडाच्या डॉक्टरांनंतर मनाचे डॉक्टर आले, तर सगळं मीच सांगितलं — कधीपासून गप्प, झोप कशी, भीती कसली. त्यांनी विचारलं, आधी का नाही आणलं? मी म्हटलं, घरच्यांच्या लक्षात नाही आलं. माझ्यामागं माझा नवरा रडत उभा होता. त्याला ते खरं वाटलं.

मग तिला आमच्याकडं आणलं, वर्षभर तिची औषधं मीच सांभाळली. दर खेपेला वाशिमला मी नेलं. पोरगी सासरच्यांनी ठेवून घेतली होती. चौदा महिने दाखवली नाही. ती बसायला लागली, रांगली, पहिलं पाऊल टाकलं — यातलं अश्विनीनं काही बघितलं नाही. मग ती बरी झाली, जावयांनी पुढाकार घेतला, घेऊन गेले. पाय मात्र ओढतो, तो तसाच राहिला.

लोक काय म्हणतात ठाऊक आहे? वहिनी आशाताई होती म्हणून पोरगी वाचली. बैठकीत मॅडमनी मला उभं करून सगळं सांगायला लावलं, घरातलीच अशी बाई कशी ओळखावी म्हणून. मी उभी राहिले. सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी खाली बसले आणि पाणी प्यायले. तो दहा प्रश्नांचा कागद कुणी कधी काढून बघितला नाही. माझ्या कपाटात आहे, तसाच, घडी घातलेला.

यंदा भाऊबीजेला ती आली होती, लेकीला घेऊन. लेक माझ्या मागं मागं फिरते, मामी मामी करत. अश्विनी हसते आता. पहिल्यासारखं गल्लीभर नाही, पण हसते. निघायच्या दिवशी जीप दारात आली. मी चिवड्याची पिशवी द्यायला बाहेर गेले. ती चांगला पाय आत टाकून चढत होती, आणि ड्रायव्हर — हा दुसरा, नवा पोरगा, याला काय माहीत — म्हणाला, "ताई, वाशिमवरून घेऊ का मालेगाववरून?"

ती थांबली. वळून माझ्याकडं बघितलं.

"वहिनीले विचार," ती म्हणाली. "तवा बी त्यायनंच सांगतलं होतं."

आवाजात राग नव्हता. सासूबाई ओट्यावरून नातीला हात करत होत्या, माझा नवरा सामान बांधत होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "वाशिमवरून घे." "बरं," ती म्हणाली, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि बसली.

मी अजून तिला काही बोललेले नाही. तिला माहीत आहे. पाच वर्षं झाली, तिला माहीत आहे — आणि दर दिवाळीला ती येते आणि माझ्या हातचं जेवून जाते.